डोक्याला भोक असलेला शिकारी

निमेशचा फोन आला तेव्हा मी एका बाईचे गुडघे बघत होते. बाईला मरून तीन हजार वर्षं झाली होती, त्यामुळे तिला घाई नव्हती. निमेशला होती.

"मॅडम, बोरीवलीहून निमेश बोलतोय. तुम्ही त्या हाडांच्या मॅडम ना?"

मी हो म्हटलं. मुलुंडच्या एका कॉलेजात मी पुरातत्त्व शिकवते आणि उत्खननात सापडलेले सांगाडे तपासते. आमच्याकडचे सांगाडे गोदावरीकाठच्या एका खेड्यातले आहेत. आपल्याकडच्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांपैकी ती माणसं.

"आपण एक मूव्हमेंट चालू केलीय, मॅडम. 'नांगराआधी' नाव आहे. शेतीने माणसाच्या बॉडीची वाट लावली, हे तुमचंच सायन्स आहे ना? तेच आपण लोकांपर्यंत नेतोय. रविवारी आपल्या म्युझियमचं ओपनिंग आहे. तुमच्या हातून करायचंय. तुमच्या सरांशी बोलणं झालंय."

"कुठे आहे?"

"गोराईला. झकास जागा आहे. एकदम नेचर."

गोराई माझं गाव. ते 'एकदम नेचर' म्हणजे माझ्या सख्ख्या काकाचं, बेसिल अंकलचं भाताचं शेत होतं, हे मला मम्मीला फोन केल्यावर कळलं. अंकलने ते दिवाळीनंतर भाड्याने दिलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी बोलले असते.

निमेशचं सायन्स अगदीच हवेतलं नव्हतं, आणि राग त्याचाच यायचा. शेती आली तेव्हा माणसाच्या हाडांवर तिची खूण पडली, हे खरं आहे. पुष्कळ ठिकाणी माणसं आधीच्या शिकाऱ्यांपेक्षा बुटकी झाली. दिवसरात्र पिठाचं खाणं, त्यामुळे दात किडले. मऊ शिजलेलं खाऊन जबडे लहान झाले आणि दात एकमेकांवर चढले. हाडं हलकी झाली. रक्त कमी पडलेल्या पोरांच्या डोळ्यांच्या खोबणीला चाळणीसारखी बारीक छिद्रं पडली. बायका जन्मभर पाट्यापुढे गुडघे टेकून धान्य रगडायच्या, त्यांचे गुडघे आणि पायाचे अंगठे झिजून गेले. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. मागच्या बाकावरचा सर्वांत मठ्ठ विद्यार्थीसुद्धा लगेच विचारतो, मॅडम, मग त्यांनी शेती सोडली का नाही? निमेशला हा प्रश्न कधी पडला नव्हता. त्याला पहिला अर्धा भाग पुरला.

मी आमच्या विभागप्रमुखांकडे, मधुकर सरांकडे गेले. सरांनी तरुणपणी एक उत्खनन सुरू केलं आणि पुढचं सगळं आयुष्य त्याच खड्ड्यावर काढलं. त्यांच्या केबिनमध्ये नवा एसी लागला होता. हाडांना दमट हवा सोसत नाही म्हणून हाडांच्या खोलीसाठी मी कैक वर्षं एसी मागत होते.

"निमेशजींची देणगी," सर म्हणाले.

"सर, हाडं पलीकडच्या खोलीत आहेत."

"हो, पण हाडांबद्दलचे निर्णय इथे होतात." त्यांनी रिमोटने हवा आणखी थंड केली. "आणि आपण त्यांना एका सांगाड्याची प्रतिकृती दिलीये. प्रदर्शनासाठी."

"कुठली?"

"एक लहानशी. मोठी त्यांच्या गाडीत मावत नव्हती."

मावत नव्हती! माझा तास सुरू व्हायचा होता, म्हणून मी पुढे बोलले नाही. रविवारी प्रत्यक्ष बघूनच काय ते बोलू, असं ठरवलं.

शनिवारी दुपारी बोरीवलीहून होडीने गोराईला उतरले आणि घरी पोचले. मम्मीने, म्हणजे कॉन्सेप्टाने, बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. बेसिल अंकल आमच्या शेजारीच राहतो आणि आंटी गेल्यापासून आमच्याकडेच जेवतो. तो आला, खुर्चीवर बसला आणि भाकरीचं ताट मम्मीकडे सरकवलं.

"नको. ही गुलामी आहे."

"काय आहे?" मी विचारलं.

"भाकरी. माणूस आधी राजासारखा फिरायचा. मग त्याने तांदूळ लावला आणि तांदळाने त्याला बांधून घातला. आपण भाताला नाही वाढवलं, भाताने आपल्याला कामाला लावलं. तुला ठाऊक असंल ना, तू शिकलेली."

हे वाक्य अंकलचं नव्हतं. अंकलची वाक्यं होडी, पाऊस आणि फादरच्या लांबलेल्या प्रवचनाबद्दल असतात. हा माणूस चाळीस वर्षं नोकरी सांभाळून भात लावत आला होता आणि दर ख्रिसमसला आपल्या तांदळाची पोती दाखवत फिरायचा.

"याच्या बापाने तांदूळ विकून याला शाळेत घातला," मम्मी तव्यासमोरून म्हणाली. "आता तांदूळ वाईट. शाळाच वाईट म्हण ना, ते मी मानंन."

"तू तिथे काय करतोस, अंकल?"

तो जरा ताठ झाला. "मी टोळीचा प्रमुख आहे."

निमेशने त्याला नेमलं होतं. शनिवार-रविवारी अंधेरीहून येणाऱ्या लोकांना अंकल रान दाखवायचा, काठी घेऊन पुढे चालायचा आणि आदिमानवासारखं गंभीर तोंड करून बसायचा. टोळीप्रमुखाने टोळीचंच खायचं, असा नियम होता. मटण, अंडी, पाला. धान्य बंद, साखर बंद, गूळ बंद, दुपारपर्यंत उपास.

"आणि डायबेटिसच्या गोळ्या?"

"त्या चालू आहेत. निमेश म्हणतो हळूहळू सुटतील."

"अंकल, गोळी साखर खाली आणते. तू भात बंद केलास, वर उपास करतोस. साखर एकदम उतरली तर पडशील. डॉक्टरला विचारलंस?"

"शिकारी डॉक्टरला विचारायचा?"

"शिकारी गोळ्या पण खायचा नाही."

तो उठला. जाताना कालवणातले दोन बोंबील हाताने उचलून नेले, कारण बोंबील पिकवलेले नसतात. मम्मीने त्याच्या पाठीमागे दार जरा जोरात लावलं.

रविवारी सकाळी मी 'नांगराआधी'ला गेले. अंकलच्या शेताचे बांध सपाट करून वर हिरवळ घातली होती. माणसाने शेती करू नये हे शिकवण्यासाठी तिथे नर्सरीतून आणलेलं गवत लावलं होतं आणि त्याला नळीने पाणी चाललं होतं. फाटकाशी चपला-बूट आणि बॅगा काढून ठेवायची खोली होती. पाहुणे अनवाणी पुढे जात होते आणि प्रत्येक खड्याला विव्हळत होते. एकीने गळ्यात हाडांची माळ घातली होती. मी वाकून बघितलं. प्लास्टिक. ती खूश झाली, तिला वाटलं मला आवडली.

"मी निशा," ती म्हणाली. "मी चार महिने ग्रेन-फ्री आहे. तुम्ही किती?"

"मी सकाळी पाव खाऊन आलेय."

ती माझ्याकडे, दवाखान्यात बसलेल्या माणसाकडे बघावं, तसं बघू लागली.

निमेश पुढे आला. पांढरा सदरा, दाढी कोरलेली, दात एका ओळीत. इतके सरळ दात तारा लावल्याशिवाय होत नाहीत, आणि तारा लावायची वेळ जबडा लहान पडला की येते. मधुकर सर झाडाखालच्या एकमेव खुर्चीवर बसले होते. बाकी सगळे जमिनीवर, कारण खुर्चीने म्हणे पाठीचा कणा बिघडतो. सरांचा आधीच बिघडला असावा.

म्युझियम म्हणजे बांबूची एक भिंत. तिच्यावर पडदा होता. निमेशने मला दोरी ओढायला दिली, मी ओढली.

वजन कमी करायच्या जाहिरातीत जाड बाई आणि बारीक बाई शेजारी शेजारी असतात, तशी मांडणी होती. डावीकडे 'शेतीआधी', उजवीकडे 'शेतीनंतर'. डावीकडे उंच, सरळ, पांढराशुभ्र सांगाडा. उजवीकडे त्याच्या छातीपर्यंतही न पोचणारा, पिवळट, खांदे आत ओढलेला. लोकांच्या तोंडून आपोआप "ओह" निघालं.

"दहा हजार वर्षांत माणसाचं काय झालं, बघा," निमेश म्हणाला. "हा शिकारी. आणि हा शेतकरी. हा तर ओरिजिनल उत्खननातला आहे, सरांनी दिलाय. आता मॅडम तुम्हाला समजावतील."

मी आधी डावीकडे गेले. शिकाऱ्याच्या टाळूला मधोमध भोक होतं आणि त्यात आकडा. जबडा दोन स्प्रिंगांवर. हा शाळेच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यात लटकणारा प्लास्टिकचा सांगाडा होता. असले सांगाडे सगळे एकाच साच्यातून निघतात.

मग उजवीकडे वळले.

ती आमची पोर होती. अकरा-बारा वर्षांची. तिला मी स्वतः मातीतून सोडवली होती, ब्रशने, गुडघ्यांवर बसून. घराच्या जमिनीखाली पुरली होती तिला. उशाला दोन मातीची भांडी, गळ्यात बारीक मणी. ते मणी एवढे लहान होते की कुणीतरी उजेडात बसून एकेक ओवला असणार. तिचा साचा काढताना मी तिचं एकेक बोट जपून उतरवलं होतं. आणि या माणसाने तिला भिंतीला खिळवून खाली 'शेतकरी' असं लिहिलं होतं.

"ही मुलगी आहे," मी म्हणाले.

"लेडी फार्मर," निमेश लगेच म्हणाला.

"मुलगी. पोर. हे बघा, मांडीच्या हाडाचं टोक वेगळं आहे, अजून जोडलं गेलेलं नाही. मोठ्या माणसात ते जोडलेलं असतं. दाढा बघा, शेवटच्या आल्याच नाहीत. ही बुटकी नाहीये. हिची वाढ व्हायची होती. तुम्ही एका मोठ्या पुरुषाशेजारी एक पोर उभी करून सांगताय की माणूस आखडला. असं असेल तर समोरच्या शाळेच्या फाटकाशी रोज संध्याकाळी माणूस आखडतो."

कुणीतरी हसलं. निमेश हसला नाही.

"आणि हा तुमचा शिकारी कुठल्या रानात सापडला? याच्या डोक्यात आकडा आहे. शाळेत टांगायचा. याने जन्मात उंदीरसुद्धा मारलेला नाही."

"रिप्रेझेंटेटिव्ह आहे, मॅडम. कन्सेप्ट समजा ना."

"कन्सेप्ट मी समजावते," मी म्हणाले. आता मी थांबणार नव्हते. "शेतीने हाडं बिघडली, खरंय. उंची घटली, चार बोटं, फार तर पाच. एवढी नव्हे. हिच्या दातांवर आडव्या रेघा आहेत, या इथे. दात बनत असताना ती आजारी पडली किंवा उपाशी राहिली, तेव्हा पडलेल्या. म्हणजे निदान दोनदा ती मरता मरता वाचली. कुणीतरी तिला वाचवली. ती माणसं मूर्ख नव्हती. धान्य होतं म्हणून तान्ह्याला पेज भरवता यायची, म्हणून पोरं जास्त व्हायची, त्यातली बरीच मरायची आणि तरी उरायची. खाणारी तोंडं वाढली की रानात परत जाता येत नाही. रान एवढ्यांना पुरत नाही. तुम्ही आज इथे बसलात, ते त्या किडक्या दातांच्या बायकांनी पाट्यापुढे बसायचं नाकारलं नाही म्हणून. नुसत्या रानावर मुंबई जगवायची ठरवली तर बोरीवलीतली एक बिल्डिंगसुद्धा जगणार नाही."

समोरच्या दोन-तीन माना डोलल्या. मला वाटलं, पोचलं. मग निमेशने दोन्ही हात वर केले.

"ऐकलंत? शेतीने लहान लहान मुलींचा जीव घेतला!"

टाळ्या पडल्या. कडकडून. निशाने डोळे पुसले. मधुकर सरही टाळ्या वाजवत होते. माझी नजर गेली तेव्हा त्यांनी हात मांडीवर ठेवले.

बेसिल अंकल सगळ्यांच्या मागे काठी घेऊन उभा होता. कमरेला तपकिरी कापड, वर उघडा. तो माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "लोकांसमोर माझी इज्जत घालवलीस." त्याचा चेहरा घामाने डबडबला होता. मला वाटलं रागाने.

पुढचा कार्यक्रम शिकारीचा होता. टोळीने अंकलच्या मागे जायचं आणि जमिनीतून कंदमुळं उकरून काढायची. कंदमुळं म्हणजे रताळी. निमेशच्या माणसांनी ती सकाळी बोरीवलीच्या बाजारातून आणून वाफ्यात पुरली होती. एका रताळ्याला अजून दुकानातल्या जाळीच्या पिशवीचा तुकडा चिकटला होता. ते बिचारं कुठल्या तरी शेतकऱ्याच्या शेतातून उपटून, टेम्पोत घालून, वजन करून, विकत घेऊन पुन्हा जमिनीत घातलेलं, आणि आता अंधेरीची टोळी नखांनी माती खरवडून त्याची शिकार करत होती. ज्याला रताळं मिळे तो ओरडे. फोन बाहेर ठेवायचा नियम होता, पण फोटो काढायला प्रत्येकाकडे फोन होता.

मी फाटकाकडे निघाले होते. मागे आरडाओरड झाली, तीही आधी मला शिकारीतलीच वाटली.

अंकल खाली बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून. हात थरथरत होते. मी खांद्याला धरलं तर अंग थंड, घामाने चिकट. "अंकल, नाव सांग माझं." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "होडी सुटली का?" जीभ जड झाली होती.

"काही गोड आणा!" मी ओरडले. "साखर, सरबत, काहीही. लवकर!"

निमेश पळत आला. "मॅडम, पॅनिक नको. हे डिटॉक्स आहे. बॉडी धान्य बाहेर टाकते तेव्हा असं होतं."

"साखर उतरलीय त्याची. गोळी घेऊन उपाशी आहे तो. स्वयंपाकघरात साखर आहे का?"

"साखर आम्ही कॅम्पसवर ठेवत नाही," तो म्हणाला, आणि एवढं होऊनही त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. "मधसुद्धा नाही. पाळलेल्या माश्यांचा असतो."

मी सगळ्या टोळीकडे वळले. "कुणाकडे काही आहे का? लाज नका बाळगू, माणूस बेशुद्ध होईल!"

आधी कुणी हललं नाही. मग निशाने इकडेतिकडे बघितलं आणि ती फाटकाकडे धावत सुटली. तिच्या मागून दुसरी, मग एक टकला गृहस्थ, मग आणखी. अनवाणी, खड्यांवरून, एकदाही न विव्हळता. बॅगांच्या खोलीतून ती माणसं परत आली तेव्हा त्यांच्या हातात चॉकलेटं, चिक्क्या, क्रीमची बिस्किटं होती. एकाने पेढ्यांचा अख्खा बॉक्स आणला होता. चार महिने ग्रेन-फ्री निशाच्या हातात आंब्याच्या रसाचा कागदी डबा होता, वर एक समोसाही. समोसा तिने लगेच मागे लपवला.

मला हसू आलं नाही. नंतर आलं, पुष्कळ आलं, पण तेव्हा नाही. अंकलला अजून गिळता येत होतं. मी रसाचा डबा त्याच्या ओठांशी धरला आणि थोडा थोडा रस पाजला. निशा शेजारी बसून त्याची पाठ चोळत राहिली. थोड्या वेळाने त्याच्या डोळ्यांत ओळख आली. त्याने माझं नाव घेतलं, मग आपल्या कमरेच्या कापडाकडे बघितलं आणि ते गुडघ्यांवर ओढून घेतलं.

"हे शूट करू नका," निमेश लोकांना सांगत होता. त्याचा स्वतःचा माणूस शूट करतच होता.

निशाने तिच्या गाडीतून आम्हाला गावातल्या डॉक्टरकडे सोडलं. डॉक्टरांनी साखर मोजली, अंकलला झापलं, गोळीचा डोस बदलला आणि संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. मम्मी पेजेचा डबा घेऊन आली. ती त्याच्याजवळ बसली. चमच्याने पेज भरवत राहिली. अंकल सत्तरीला टेकलेला माणूस, तो लहान पोरासारखं तोंड उघडत होता.

मी तिथून परत 'नांगराआधी'ला गेले. पाहुणे पांगले होते. मधुकर सर होडीच्या वेळेची वाट बघत खुर्चीवर होते आणि पेढे खात होते. मी भिंतीशी गेले आणि खिळे उपटायला लागले.

निमेश आला. "मॅडम, हे काय? ही आमची प्रॉपर्टी आहे. त्याबदल्यात डोनेशन दिलंय."

"मग डोनेशन परत न्या."

"ॲमांडा," सर उठत म्हणाले, "जरा समजून घ्या. असं टोकाला जाऊ नका. एसी..."

"सर, तुम्ही ओळखलं नाहीत हिला?"

हातातला पेढा त्यांनी तोंडात टाकला.

"तुमच्या उत्खननातली आहे. पहिल्या वर्षाचं पोरगंसुद्धा सांगेल की हे लहान मूल आहे. तुम्हाला दिसलं नाही, की दिसलं आणि गाडीत मावतं म्हणून चाललं?"

सरांनी रुमालाने बोटं पुसली. यातलं कुठलंही उत्तर दिलं तरी त्यांचंच हसं होणार होतं, तेव्हा त्यांनी तिसराच मार्ग काढला आणि होडी चुकेल म्हणून निघून गेले.

निमेश मला अडवू शकला असता. पण फाटकाशी गावातली माणसं जमली होती. बेसिल पडल्याची बातमी माझ्या आधी पोचली होती, आणि ती माणसं निमेशकडे ज्या तऱ्हेने बघत होती त्यावरून ती काही रताळी उकरायला आलेली वाटत नव्हती. तो बाजूला झाला. मी पोरीला चादरीत गुंडाळून घरी आणलं.

संध्याकाळी अंकलला घेऊन परतलेल्या मम्मीने तिला बाहेरच्या खाटेवर ठेवायला लावलं. चादर उघडून ती बराच वेळ बघत राहिली. मम्मीला वाटलं मी भिंतीवरून खरी हाडं काढून आणली. मी सांगितलं, ही प्रतिकृती आहे, खरी मुलुंडला आहेत.

"कशाने गेली?"

"हाडांवरून कळत नाही. ताप असेल. आमच्याकडे येतात त्यांपैकी बहुतेकांचं कळत नाही."

"आईच्या आधी गेली." मम्मीला हे विचारायचं नव्हतं, ती सांगत होती. माझ्या वरचा तिचा एक मुलगा होता, दोन महिन्यांचा गेला, त्याच्याबद्दल ती कधी बोलत नाही. तिने चादरीची घडी त्या लहान खांद्यांवर नीट केली आणि आत जाऊन चूल पेटवली. दिवसभर मी ज्या तोऱ्यात बोलत होते तो कुठे गेला, मला समजलं नाही. रेघा, दाढा, हाडांची टोकं, सगळं मी त्या लोकांना बरोबर सांगितलं होतं. मणी कुणी ओवले असतील, हे सांगायचं राहूनच गेलं.

'नांगराआधी' बंद पडलं, असं वाटत असेल तर तुम्ही निमेशला ओळखत नाही. पुढच्याच आठवड्यात अंकलच्या पडण्याची चित्रफीत फिरली, 'धान्य शरीर सोडताना' या नावाने, रसाच्या डब्याचा भाग कापून. नवा टोळीप्रमुख जाहिरातींत काम करणारा एक नट आहे, त्याला दाढी चिकटवावी लागते. एसी निमेशने खरंच काढून नेला. मधुकर सरांनी मला कारणे दाखवा नोटीस दिली. मी कारणं दाखवली, फोटोसकट, आणि एक प्रत प्राचार्यांना. त्यानंतर त्या नोटिशीबद्दल कुणी काही बोललेलं नाही. बेसिल अंकल भाडेकराराची मुदत संपायची वाट बघतोय. माझ्याशी तो महिनाभर बोलला नाही, कारण त्याच्या मते मी ती पोर ओळखली नसती तर तो चिडला नसता, आणि चिडला नसता तर पडला नसता. या तर्कावर मी काही बोलत नाही. जिवंत आहे, भांडतोय, पुरे.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी सकाळी मी चादरीतली पोर घेऊन बोरीवलीच्या होडीत बसले. गर्दी होती. शेजारी सरूबाई होती, आमच्या गावची कोळीण, मासळीच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेली. चादरीतून पायाची बोटं बाहेर आलेली तिला दिसली. तिने माझ्याकडे बघितलं.

"कोणाची गं?"

"गोदावरीकडची," मी म्हणाले. "फार जुनी. कॉलेजात नेतेय."

"लहान हाय."

"हो."

सरूबाईने पाटी पायाने पुढे सरकवली आणि मधे जागा केली. "मांडीवर किती वेळ धरशील," ती म्हणाली, "ठेव इथं." मी पोरीला आमच्या दोघींच्या मधे ठेवलं. होडीला लाट लागली की दोघीही एकेक हात चादरीवर टेकवत होतो.